दुतोंड्या मारुती आणि तुझा फोटो

संद्या,

लिहू लिहू म्हणता पावसाळा अर्धा गेला. आईचे गुडघे तसेच, माझं बीपी गोळीवर बरंय. बास.

तू होळकर पुलावरून काढलेला पुराचा फोटो, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, तो परवा फॅमिली ग्रुपवर आला आणि पाणी थेट गळ्याला! खाली 'आत्ताचा फोटो, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, सगळ्यांना पाठवा'. आपल्या नाशकात गोदावरीचा पूर मारुतीवरच मोजतात, मग कोण थांबून बघतंय. सराफ बाजारात काकांनी दुकान रिकामं करायला घेतलं, मावशीने गव्हाच्या गोण्या माडीवर चढवल्या, तिची कंबर तुला माहितीये. मी झूम केलं तर कोपऱ्यात तीच वायर, जी फोटोशॉपच्या क्लोन स्टॅम्पने उडव म्हणून मी तुझ्याशी कडाकडा भांडलो होतो. तिच्यामुळेच फोटो ओळखला, ते भांडण तू जिंकलास, जा.

केलं कोणी, तर माझ्याच फोटोशॉप क्लासच्या पोराने. तुझ्या पेजवरून उचलून स्टेटसला ठेवला, कॅप्शन म्हणे दुसऱ्याच कुणीतरी जोडलं. विचारलं तर लॅपटॉप उघडून लेयर, म्हणजे फोटोवर चढवलेले थर, दाखवायला लागला, आणि काम बघून खरं सांगतो, ऊर भरून आला रे. पाणी जनरेटिव्ह फिलचं, म्हणजे एआयने भरलेलं, ते २०२३ पासून कुणालाही जमतं, पण पुढचं सगळं हाताचं. काळ्या कापडापुढे पाइपने पाणी उडवून फोटो काढले, 'स्क्रीन' या ब्लेंडिंग मोडमध्ये वर टाकले, काळं गायब आणि तुषार तेवढे राहिले. पाण्यालगतचा शेंदूर मल्टिप्लायने गडद करून ओला दाखवला. त्या वयात आपण पासपोर्ट फोटोचं बॅकग्राउंड बदलताना लोकांचे कान कापायचो!

चुकला दोनच ठिकाणी. पुराचं पाणी गढूळ आणि धावतं, त्यात मारुतीचं आरशासारखं प्रतिबिंब पडेल कसं? आणि गोदावरी तिथं दक्षिणेला वाहते, म्हणजे पाणी वरच्या अंगाला आपटणार, फेस तिकडे, खालच्या अंगाला भोवरे. याने फेस चारी बाजूंनी सारखा लावलाय.

आता या चुका त्याला सांगू का? शिकवायचं म्हणजे चुका दाखवायच्या, दुसरं मला काही येत नाही, आणि दाखवल्या तर पुढच्या वेळी ना तू ओळखशील ना मी. रात्री हेच डोक्यात. इफेक्टवर राग नाही माझा. नोल भावांचं फोटोशॉप १९९० चं, लेयर १९९४ ला आले, हे पुराण तू गिऱ्हाइकांना ऐकवायचास आणि ती समोरच्या दुकानात पळायची! मंडळाच्या बॅनरवर गणपतीमागे आपण रेडियल ब्लरने किरण सोडायचो, ते खरे कुणालाच वाटले नाहीत आणि सगळे खुश. इथे मावशीने गोण्या उचलल्या.

त्या उतरवायला मी त्यालाच पाठवला. गेला बिचारा, मावशीने आधी झापला मग पोहे दिले.

पुण्यातलं घर लागलं का? वहिनींना नमस्कार, चिऊचं दहावीचं वर्ष, तिला मोबाइल कमी दे.

मूळ फाइल तारखेसकट पाठव, काकांच्या ग्रुपवर टाकतो. आणि त्या पोराशी एकदा फोनवर बोल, फोटो तुझा आहे, तुझं ऐकेल. त्यानंतरच त्याला फेसाचं शिकवीन.

तुझा,
निल्या