झिपरीचे केस उतरवू नकोस, आई

लिस्बन, 9 जून

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाय, ह्या पावसात हिचे केस कोण सांभाळणार? बाबा म्हणतात, दुकानात नेऊन सगळे उतरवून टाकू." तेव्हा मी नुसतंच "बघू" म्हटलं. इथे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे अकरा. तू पेंगुळली होतीस आणि मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून पत्र लिहिते आहे. ह्यांना सांगते छापून द्यायला, फ्रिजच्या दारावर लावून ठेव.

सावंतवाडीचं घर बंद करून तुम्ही दोघं माझ्यासाठी फोंड्याला येऊन राहिलात. बाळाची शाळा, ह्यांचा डबा, त्यात ही चार पायांची नात, आपली कुत्री झिपरी. तुझ्यावर किती पडलंय ते मला कळतं. तरीही हात जोडून सांगते, झिपरीचे केस आत्ता मशिनने उतरवू नका.

बाबांनी विचारलं होतं ना, एवढ्याशा प्राण्याला एवढे केस कशाला? तिची शीत्झू ही कुत्र्यांची जात मूळची तिबेटकडची, पुढे चीनच्या राजवाड्यात वाढली. नावाचा अर्थच सिंह. थंड मुलखासाठी आलेला तो कोट आहे, आणि आपण तिला आणलंय कोकणपट्टीत, जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे तिच्या केसांची काळजी ही आपणच अंगावर घेतलेली गोष्ट आहे. तिने काही मागितलं नव्हतं.

त्यात वेळही नेमकी अवघड आहे. झिपरी आता नऊ महिन्यांची झाली. साधारण दहाव्या ते बाराव्या महिन्यात ह्या पिल्लांचे केस बदलतात. कापसासारखा मऊ कोट जातो आणि मोठ्या कुत्र्याचे जाडसर, लांब केस येतात. तिच्या अंगावर दोन थर आहेत, वरचा लांब आणि आतला लोकरीसारखा. सुटलेले केस आपल्या घरी पूर्वी असलेल्या गावठी कुत्र्यासारखे जमिनीवर पडत नाहीत, आतच अडकून बसतात. म्हणून सकाळी सोडवलेला गुंता संध्याकाळी परत दिसतो. तू परवा म्हणालीस ना, "कालच विंचरली आणि आज पुन्हा जटा"? तुझं काही चुकलेलं नाही, केस बदलणं सुरू झालंय एवढंच. हे काही आठवडे चालतं. नंतरचा कोट पुष्कळ सोपा असतो.

विंचरायचं कसं हे तुला मी काय सांगू? ओटीवर पुढ्यात बसवून तू माझे केस विंचरायचीस तेव्हा डाव्या मुठीत केस घट्ट धरायचीस, म्हणजे मुळाला ओढ बसू नये, आणि फणी आधी शेंड्यांना लावायचीस. मग थोडी वर, मग आणखी वर. झिपरीचंही तसंच. फक्त तिच्या अंगभर केस आहेत, म्हणून ओळी पाडाव्या लागतात. तिला सोप्यावर कुशीवर निजव. पोटाकडून सुरुवात कर, केस वर सारून खालची एक ओळ मोकळी कर, ती विंचर, मग तिच्या वरची. तरवा लावताना ओळ सरकत जाते तशी पाठीच्या कण्यापर्यंत जा. मग दुसरी कूस.

कोरडे केस कधी विंचरू नकोस, तुटतात. खिडकीत निळी फवाऱ्याची बाटली आहे, तिच्यात पाणी आणि कुत्र्यांच्या कंडिशनरचे थोडे थेंब घालून आधी हलकं फवार. ब्रश झाला की स्टीलची फणी फिरव. ब्रश वरवर फिरला तरी काम झाल्यासारखं वाटतं, पण फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली तरच खरं. कानामागे, बगलेत, जांघेत, हनुवटीखाली आणि पट्ट्याखाली जटा सगळ्यात आधी धरतात. घरात असताना तिचा गळपट्टा काढूनच ठेव.

आणि आई, खोबरेल लावू नकोस. मला फोटोत केस चमकताना दिसले तेव्हाच कळलं. तुझी माया कळते, माझ्या वेण्या त्याच तेलावर वाढल्या. पण आपल्या अंगणातली तांबडी माती त्या तेलाला चिकटते आणि मातीचा कण धरून गुंता बसतो. शिवाय ती दिवसभर अंग चाटते, ते सगळं पोटात जातं. लावलेलं असेल तर पुढच्या आंघोळीला धुऊन टाक.

जट सापडली तर घाई करू नकोस. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं, बोटांनी दोन्ही बाजूंना फाकवत धागे सुटे करायचे, मग फणीच्या टोकाने एकेक ओढायचा. कात्री घालायची नाही. हे मी तुला अनुभवावरून सांगते. फेब्रुवारीत तिला न विंचरताच मी आंघोळ घातली होती. पाणी लागलं की जट आवळते, वाळली की नमद्यासारखी होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कानामागचा तो गोळा सुटेना म्हणून मी कात्री लावली. जट कातडीलाही आपल्याबरोबर वर ओढून घेते, केस कुठे संपले आणि कातडी कुठे लागली ते दिसत नाही. ती किंचाळली. जखम लहान होती, डॉक्टरांनी साफ करून मलम दिलं, आठवड्यात भरलीही. पण त्यानंतर महिनाभर मी हात पुढे केला की ती कॉटखाली जायची.

मी केसांसाठी हट्ट का धरते ते ह्यात आहे. तो महिना मी रोज रात्री जेवणं आटोपल्यावर तिच्या शेजारी जमिनीवर बसत होते. पहिले काही दिवस नुसता ब्रश जवळ ठेवला. मग ब्रशची मागची बाजू पाठीवरून फिरवली. मग दोन मिनिटं, मग पाच. मार्चअखेरीस एका रात्री ती आपणहून आली आणि आडवी झाली, दुखावलेला कान वर करून. आता मी इथे नसताना तिला अनोळखी दुकानात टेबलावर उभी करून कानाशी मशिन घरघरवलं, तर केस वर्षभरात परत येतील. त्या कानाचं काय होईल ते मला सांगता येत नाही.

पावसाचं सांगते. फिरायला उघडीप बघूनच न्या. परत आली की चारही पाय कोमट पाण्यात बुडवून चिखल काढा आणि बोटांच्या मधलं टिपून कोरडं करा, ओल राहिली की तिथे खाज सुटते. टॉवेलने चोळायचं नाही, दाबून पाणी शोषायचं. चोळलं की नवी जट तयार. आंघोळ दोन आठवड्यांतून एकदा पुरे, आणि विंचरून झाल्याशिवाय अंगावर पाणी नाही. माणसांचा शाम्पू नको, तिच्या कातडीला तो सोसत नाही. ड्रायर मंद ठेवून, वाळवता वाळवता विंचरत केस मुळापर्यंत सुकले पाहिजेत, म्हणून लाईट जायचं लक्षण दिसलं तर त्या दिवशी आंघोळच नको. ओले केस घेऊन ती निजली तर आतली कातडी कुबटते, लाल होते.

गोचीड हा ह्या दिवसांतला माझा खरा घोर आहे. लांब केसांत ती दिसत नाही, हाताला लागते. विंचरताना कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी बोट फिरवत जा. मसुराएवढं काही लागलं तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढ. रॉकेल, तेल काही ओतू नकोस. गोचिडीच्या तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. असं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. महिन्याची गोळी 15 तारखेला असते, कॅलेंडरवर लाल खूण केली आहे.

डोळ्यांवर येणाऱ्या केसांचा बुचडा तूच छान बांधतेस, बाळाने फोटो पाठवला. फक्त थोडा सैल बांध, भुवया ताणल्या जाता कामा नयेत. तिचे डोळे मोठे आणि बाहेर आलेले आहेत, एक केस आत टोचत राहिला तरी बुबुळाला जखम होते. रबर ओढून काढू नकोस, छोट्या कात्रीने रबरच काप. जेवण झालं की ओल्या फडक्याने दाढी पुसून कोरडी कर.

खाण्याचं विचारत होतीस. केस म्हणजे शेवटी प्रथिनंच, तेव्हा बाहेरून कितीही केलं तरी ताटातून मिळालं पाहिजे. उकडलेला बांगडा, काटे नीट काढून, मीठ-मसाला न घालता, आठवड्यातून दोनदा मी देत होते. आता 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, बाजारात ताजं मिळेल ते महाग आणि थोडं. नाही मिळालं तर उकडलेलं अंडं चालेल. सुकं मासळीचं काही देऊ नकोस, त्यात फार मीठ असतं. कांदा-लसणीच्या कालवणातला भात तर अजिबात नको, बाबांना हे वेगळं सांग, त्यांचा हात ताटाखाली जातो. इथे ह्या आठवड्यात संत अँथनीचा सण आहे, 12 तारखेच्या रात्री गल्लोगल्ली निखाऱ्यावर तारले भाजतात. आत्तापासूनच शेगड्या मांडायला सुरुवात झाली आहे. तो वास आला की मला तुमची सगळ्यांची आठवण येते, आणि तिचीही.

एक गोष्ट मात्र मनावर घे. तुला हे सगळं झेपलं नाही, किंवा जटा कातडीला लागून बसल्या आणि तिला हात लावू देववेना, तर माझ्यासाठी थांबू नकोस. आपल्या डॉक्टरांना बोलव, तिची ओळख आहे त्यांच्याशी. ते पोटाचे, बगलेतले, पायांचे केस बारीक करतील. तेवढं गेलं तरी तिला उकाड्यात बरं वाटेल, तोंड बसकं असल्याने तिला धाप लवकर लागते. लागलं तर सगळे कापू देत. तू तिला मांडीवर धरून बस, एवढंच. जमिनीपर्यंत केस यायला तिला दोन वर्षांची व्हावं लागेल, मला घाई नाही.

मी चवथीच्या आधी येते. तोर्रे दो तोंबो ह्या इथल्या अभिलेखागारातली जुनी कागदपत्रं वाचून संपायला ऑगस्ट उजाडेल. बाबांना नमस्कार, त्यांना म्हणावं गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय जिना चढू नका. बाळाला पापा.

रविवारी तिला सोप्यावर घेऊन विंचरायला बसशील तेव्हा फोन लाव आणि खांबाला टेकवून ठेव. काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही, माझा आवाज आला की ती उठून मला शोधत फिरते. मला तुझे हात आणि तिचा तो कान बघायचा आहे.

तुझी,
बाय