मंगेशला, जैसलमेरच्या पत्त्यावर

ता. १७ मार्च २०२४

चि. मंगेश,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी टीव्हीवर जैसलमेरचं नाव आलं तेव्हा मी हरभऱ्याचा हिशेब करत बसलो होतो. वायुसेनेचं तेजस विमान पडलं, वस्तीत पडलं, पायलट छत्रीनं उतरला. तुझा फोन बंद. संध्याकाळी तू बोललास ते एवढंच, "मी ठीक आहे बाबा, आपलं काम जमिनीवरचं, मी काय विमानात बसतो?" आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र.

विमानाची भीती मला नाहीच. २००१ पासून तेजस उडतं आहे, पडलं ते आत्ता पहिल्यांदा, आणि पायलटही वाचला. माझी भीती जमिनीवरचीच आहे, आणि तू तेच सांगून मला धीर द्यायला निघालास! पण या पत्रात तो विषय काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय.

तू पोखरणच्या बाजूला आहेस म्हटलं की गावात सगळ्यांना अणुबॉम्बच आठवतो. परवा पारावर वसंताला समजावलं की १९७४ आणि ९८ च्या चाचण्या झाल्या त्या लष्कराच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर. आमचा मंगेश आहे चांदणच्या बाजूला, वायुसेनेच्या रेंजवर, जिथं विमानं नेम धरायला शिकतात. १९८९ पर्यंत वायुसेनेची मोठी प्रात्यक्षिकं दिल्लीजवळ तिलपतला होत, मग ती तिकडे वाळवंटात गेली. वसंता म्हणे, "काहून नेलं बाप्पा इतल्या लांब? दिल्लीत जागा नसन उरली."

९८ च्या मे महिन्यात तू आईच्या पोटात होतास. शाळेला सुट्ट्या होत्या, तरी आम्ही मास्तर मंडळींनी वर्गणी काढून पारावर पेढे वाटले. त्याच दिवशी तिकडे चाचणीच्या जागेजवळच्या खेतोलाई गावच्या लोकांना जवानांनी घराबाहेर थांबायला सांगितलं होतं आणि नंतर त्यांनी आपापल्या भिंतींच्या भेगा पाहिल्या, हे मी फार उशिरा वाचलं. तुला कधी त्या गावावरून जायला मिळालं तर दोन म्हाताऱ्या माणसांशी बोल. नुसता जयहिंद करून निघून येऊ नकोस.

आणि सीमेजवळचं लोंगेवालाचं ठाणं पाहून ये. १९७१ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री पाकिस्तानचे रणगाडे चालून आले. जैसलमेरला हंटर विमानं होती चार, पण त्यांना अंधारात लढता येत नव्हतं. खालच्या मूठभर जवानांनी रात्र काढली. उजाडल्यावर हंटर आले आणि रणगाडे वाळूत गोल गोल पळू लागले. चाकोऱ्यांचे ते फोटो तू मला दाखवलेस. मला त्यातलं वेगळंच आवडलं. ती विमानं जामनगरच्या शस्त्र-प्रशिक्षण शाखेची होती. म्हणजे एरवी पोरांना नेम धरायला शिकवणारे मास्तरच त्या दिवशी लढले! हे मी आता भेटेल त्याला सांगतो. ज्यांनी रोज रेंजवर फळ्यावरचं गणित सोडवलं त्यांना ऐनवेळी उत्तर आलं. गणितावरून आठवलं, सरावाच्या बॉम्बचा धूर कुठं उठला ते दोन मनोऱ्यांवरून कोन मोजून काढतात असं तू सांगितलंस. भूमितीत काठावर पास झालेला माझा मुलगा मला त्रिकोण समजावत होता. मी फोनवर काही बोललो नाही, पण बरं वाटलं.

गेल्या महिन्यातलं वायुसेनेचं वायुशक्ती प्रात्यक्षिक आम्ही मोबाइलवर पाहिलं. शंभराच्या वर विमानं, दोन तासांत जवळजवळ ५० टन दारूगोळा, तोही एक-दोन किलोमीटरच्या टापूत. ५० टन म्हणजे ५०० क्विंटल. आपल्या वावराचा कापूस कधी याच्या जवळपासही गेला नसेल. सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोक्यात एकच: यातले न फुटलेले किती? आणि सकाळी ते शोधायला कोण जातं?

काढलाच विषय. आता लिहूनच टाकतो.

तिसरीत असताना तू पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराच्या कुंपणाकडून जुन्या काडतुसाची पितळेची पुंगळी आणली होतीस. बुडाशी हिरवा गंज, आत माती. त्यात तू तीन पेन्सिली उभ्या केल्या होत्या आणि म्हणालास, बाबा, टेबलावर मस्त दिसते ना. मी ती हात लांब धरून पोलीस पाटलाकडे नेऊन दिली आणि घरी येऊन तुला मारलं. दादारावच्या हाताचं असल्याच भंगारापायी काय झालं ते तुला ठाऊक आहे. भंगार किलोवर विकलं जातं म्हणून माणसं जातात. तिकडच्या ढाण्यांमधली, म्हणजे वाळवंटातल्या वस्त्यांमधली, गरीब पोरंही जात असतील. त्यांना हटकताना आवाज चढवू नकोस, पण हटक.

२०१६ च्या त्या रात्री भांडारात आग लागून आभाळ लाल झालं तेव्हा आपण सगळे वावरात पळालो. आजीला तू उचललंस. मला वाटलं, पोरगा आता आयुष्यभर या आवाजापासून लांब राहील. तू त्याच वर्षी भरतीचा फॉर्म भरलास आणि ट्रेड घेतलास वेपन फिटरचा, विमानाला शस्त्रं लावण्याचा! आजी जाईपर्यंत लोकांना सांगत होती, माया नातू बॉम्ब बांधतो.

तर नियम पाळ. जुनं, गंजलेलं, अर्धं वाळूत गेलेलं काहीही असो, हात लावू नकोस, पायानं उकरू नकोस, कोणी हसलं तरी नाही. कुठली वस्तू मेली आहे आणि कुठली नाही हे ती सांगत नसते... बस. हे सगळं तुम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं असणार आणि माझ्यापेक्षा नीट. शिकवायची सवय जात नाही, रागावू नकोस. आई आत्ता मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, "लिवलंच ना शेवटी? आता त्याले म्हणा, जपून राय."

इकडे हरभरा बरा झाला, कापसाचं विचारू नकोस. शिमग्याला गाठ्या आणि कुरडया पार्सलनं पाठवतो आहोत. गाठ्यांचा चुरा झाला तरी खा. पिंकीचं लग्न मे महिन्यात ठरतंय, रजेचा अर्ज आत्ताच टाक. काकांशी तू बोलत नाहीस हे मला माहीत आहे, पण लग्न पिंकीचं आहे.

आणि एक कर. न फुटलेलं शोधायला तुला पाठवतात की नाही, एवढं मला सांग. हो किंवा नाही, इतकंच मेसेज कर. हो असेल तरी मी आईला सांगणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, तिनं वाचलं आहे, तेव्हा उत्तर तिलाही पाठव.