कपिंगचं काहीतरी ठरवा साहेब, आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी कळव्याला राहते, मसाज आणि ड्राय कपिंग, म्हणजे चिरा न देता नुसते कप लावायचं काम, करते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडे येणारे बहुतेक ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांत दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आखडलेले, नाहीतर लोकलला लटकून खांदा भरून आलेले. तेल लावायचं, कप बसवायचा, पंपाने हवा ओढायची, पाच-दहा मिनिटांनी काढायचा. थोडे दिवस दुखणं हलकं होतं, त्याच्या पुढचं मी कुणाला सांगत नाही कारण पुढचं ठोस काही सिद्ध झालेलं नाही. ते काळेलाल गोल डाग म्हणजे टॉक्सिन बाहेर आलं वगैरे काही नसतं, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, बस.

आपल्याकडे तुंबडीवाले पूर्वीपासून होते, मुंब्रा-राबोडीत हिजामा, म्हणजे रक्त काढायचं कपिंग, होतोच, इस्लामी चांद्र महिन्याच्या १७, १९, २१ तारखांना तर जास्तच. मग २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या खांद्यावर डाग दिसले आणि जिमची पोरंपण कपिंग मागायला लागली.

कपाबद्दल माझी तक्रार नाही, ब्लेडबद्दल आहे. हिजामात कातडीवर बारीक चिरे देऊन कपाने रक्त ओढतात. बीयूएमएस, म्हणजे युनानीची डिग्री घेतलेला डॉक्टर आधी विचारतो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हिमोग्लोबिन किती, दिवस गेलेत का. पण आता कुणीही दोन दिवसांचं वर्कशॉप करतो, सर्टिफिकेट लॅमिनेट करतो, ऑनलाइन किट मागवतो आणि हॉलमध्ये गादी टाकून सुरू! कप नळाखाली धुवून पुढच्या माणसाला, आणि हिपॅटायटीस बी, सी रक्तातून पसरतात हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमाप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ब्लेड पांढऱ्या जाड डब्यात जायला हवं, इथे सगळं काळ्या पिशवीतून घंटागाडीत जातं आणि ते हाताने निवडणाऱ्या बायकांना कोण विचारतं.

वर बोर्ड काय, तर शुगर बरी, मूल होणार, कॅन्सरपण! १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत हे तिन्ही आजार आहेत ना साहेब, मग बोर्ड उतरवायला कुणीच का येत नाही?

सरसकट बंदी नको, बंदी आली की हेच सगळं दार लावून चालेल आणि माझ्यासारखीचं पोट जाईल. चिरा देणारा हात रजिस्टर्ड डॉक्टरचाच असला पाहिजे एवढं लेखी काढा. ड्राय कपिंगला कौशल्य विकास खात्याशी बोलून नीट काही महिन्यांचा कोर्स करा, त्यात शरीररचना, स्वच्छता, कुणाला कप लावायचाच नाही हे सगळं, आणि शेवटी माणसावर हात ठेवून परीक्षा, नुसती बरोबर-चूकची टिक नको. छोट्या सेंटरचा रक्ताचा कचरा उचलायची सोय महापालिकेला करायला सांगा.

वागळे इस्टेटच्या आयटीआयमध्ये पहिली बॅच काढलीत तर परीक्षेला पहिला नंबर माझा लावा.

आपली,
कळव्याची एक कपिंगवाली