सूचना : म्युर मेमोरियलचे जुने फोटो हवेत

नमस्कार सिस्टर मंडळी,

नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी) म्युर मेमोरियल हॉस्पिटलचा आणि तिथल्या नर्सिंग स्कूलचा इतिहास आपण लिहून काढतोय. स्कॉटिश मिशनने १८९६ साली सुरू केलेला हा दवाखाना. पुरुष डॉक्टरांपुढे यायला बायका धजत नसत, तेव्हाचा. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेही आपल्या नागपुरातच. एवढं कुठेही वाचायला मिळतं. वॉर्डातलं मात्र आपल्याकडेच आहे : काचेच्या सिरिंज उकळणं, कडक स्टार्चची टोपी, नाइट ड्युटीचा चहा.

फोटो रविवारपर्यंत ग्रुपवर टाका. मागच्या बाजूला नावं, बॅच लिहिली असेल तर त्या बाजूचाही फोटो काढून टाका. मूळ फोटो कुणालाच देऊ नका, मलासुद्धा! पेशंट ओळखू येणारे फोटो नकोत.