चौदा महिने एका टेबलावर : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया,
सादर नमस्कार.

मी सोलापूरची. अक्कलकोट रोडला एका युनिटमध्ये शाळेचे गणवेश शिवते. माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली. मला एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांचे वडील आमच्यापासून वेगळे राहतात. ते दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी नोकरीत आहेत, पगार दरमहा बँकेत जमा होतो. तरीही माझ्या मुलांची पोटगी २ लाख ८८ हजार रुपयांनी थकली. ती कशी थकली हे आपल्याला सांगायचे आहे, कारण त्यातला फार मोठा भाग आम्हा नवरा-बायकोच्या भांडणाने थकलेला नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला, तेव्हा मुलगी चौथीत होती आणि मुलगा बालवाडीत. २००५ चा हा कायदा फार कळकळीने लिहिला आहे. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत. समोरच्याला नोटीस याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दोन दिवसांत, फार तर न्यायालय ठरवून देईल तेवढ्या वाजवी मुदतीत. आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. विधी सेवा प्राधिकरणाने मला मोफत दिलेल्या वकीलबाईंनी ही कलमे वाचून दाखवली, तेव्हा दिवाळीपर्यंत काहीतरी होईल असे वाटून मी घरी आले होते.

नोटीस दोनदा परत आली. एकदा ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून, एकदा ‘इसम मिळून आला नाही’ म्हणून. तो इसम रोज सकाळी दहा वाजता सरकारी कार्यालयात हजेरीपटावर सही करत होता. मग लॉकडाउन आले. ते महिने मी कुणाच्याही नावावर धरत नाही. तेव्हा साऱ्या जगाचेच अडले होते. पण नोटीस बजावली गेली ती जानेवारी २०२१ मध्ये. संरक्षण अधिकारी मॅडम माणूस म्हणून चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे कामे इतकी होती की माझी फाईल त्यांना दरवेळी नव्याने शोधावी लागे. अंतरिम पोटगीचा अर्ज तर शेवटपर्यंत तसाच राहिला.

ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल लागला. दोन्ही मुलांची मिळून महिना ६,००० रुपये पोटगी, आणि तीही अर्जाच्या तारखेपासून. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितले आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यावी. विलंबाचा भार बायकामुलांवर पडू नये हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण त्यामुळे झाले काय, ते पाहा. निकालाच्या दिवशी वडिलांच्या डोक्यावर ३४ महिन्यांचे २ लाख ४ हजार रुपये एकदम येऊन बसले. कोर्टाच्या व्हरांड्यात ते माझ्यासमोर येऊन म्हणाले, ‘‘एवढे एकदम कुठून आणू?’’ मला राग आला, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. साठ दिवसांत निकाल लागला असता तर दरमहा सहा हजार द्यायला त्यांना जड गेले नसते, आणि माझ्या मुलीला पाचवीत असताना दप्तर शिवून शिवून वापरावे लागले नसते.

मग पुढचे. याच कायद्याच्या कलम २० मध्ये अशी सोय आहे की न्यायालय नोकरी देणाऱ्यालाच सांगू शकते : याच्या पगारातून एवढी रक्कम कापा आणि थेट बाईला द्या किंवा न्यायालयात भरा. माझ्या निकालात तसे लिहिले होते. मला वाटले, आता संपले. सप्टेंबरमध्ये पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला आणि तिथून एसटीने पुढे जाऊन मी स्वतः आदेशाची प्रत त्या कार्यालयात दिली. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत, शिक्का मारून घेतला, आवक क्रमांक लिहून घेतला. त्या दिवसाची माझी मजुरी गेली, पण शिक्का हातात होता.

पहिली कपात झाली ती ऑक्टोबर २०२३ च्या पगारातून.

ऑगस्ट २०२२ ते सप्टेंबर २०२३ हे चौदा महिने, म्हणजे ८४ हजार रुपयांची कपात, त्या आदेशासह कार्यालयात अडून राहिली. मी चार वेळा गेले. आस्थापना शाखेतले म्हणाले, लेखा शाखेला पाठवले आहे. लेखा शाखेतले म्हणाले, टिपणी वर गेली आहे, साहेबांची सही व्हायची आहे. मग साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांना वाटले की विधी विभागाचा अभिप्राय घ्यावा. न्यायालयाचा आदेश पाळायचा की नाही यावर अभिप्राय कशाला लागतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही. एका बाबूंनी मात्र मला पाणी दिले, खुर्ची दिली आणि हळूच सांगितले, ‘‘ताई, सेवार्थमध्ये, म्हणजे पगाराच्या सरकारी संगणक प्रणालीत, कपातीची नोंद करायला पाच मिनिटं लागतात. पण कुणी करायची ते ठरत नाही.’’

या चौदा महिन्यांत मुलांच्या वडिलांनी काय केले, हेही सांगते. त्यांना पूर्ण पगार मिळत राहिला. ते म्हणतात की ऑफिसमधूनच कापणार आहेत असे समजून त्यांनी वेगळे पैसे पाठवले नाहीत. पगाराची स्लिप दरमहा हातात येते, त्यात कपात दिसत नव्हती, म्हणून ही सबब मी मान्य करत नाही. पण ज्याला द्यायचे नसते त्याच्याकडून वसूल करायलाच तो आदेश होता, आणि आदेश राबवणाऱ्या कार्यालयानेच त्यांना चौदा महिने सोय करून दिली.

जुलै २०२३ मध्ये वकीलबाईंनी घाईने वसुलीची दरखास्त टाकली. घाई अशासाठी की या आदेशांची वसुली फौजदारी संहितेतल्या पोटगीच्या पद्धतीने होते, आणि तिथे अट आहे : रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही ही अट तशीच आहे. महोदया, ही अट मी आपल्यापुढे ठळकपणे मांडते. कार्यालयाला आदेश अमलात आणायला मुदत नाही, पण आईला वसुली मागायला एक वर्षाची मुदत आहे. माझ्यासोबत शिलाई करणाऱ्या एका बाईचे असेच दहा महिने गेले. ‘ऑफिसातून येतील, येतील’ म्हणून ती थांबली, आणि वर्ष उलटल्यावर तिला कळले की त्या पैशांसाठी आता वॉरंट मागता येणार नाही.

वॉरंट निघाले. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, हे मुलांच्या वडिलांना तेव्हा कळले आणि ते हादरले. आणि त्या दिवशी मीच न्यायाधीशांपुढे उभी राहून म्हणाले, साहेब, त्यांना आत टाकू नका. कारण सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झाल्याचे मानले जाते. निलंबन झाले की पगाराऐवजी निर्वाहभत्ता, आणि त्यातून माझ्या मुलांच्या वाट्याला काय उरणार? कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलेले आहे. पण निलंबित माणसाकडून ती येणार कुठून? ज्या टेबलावर आदेश पडून होता तिथल्या कुणाला साधी नोटीसही गेली नाही. शिक्षा होणार होती ती बापाला, आणि तिचा चटका बसणार होता मुलांना.

शेवटी दरमहा पोटगीशिवाय ५,००० रुपयांचे हप्ते ठरले. ५८ हप्ते. नोव्हेंबर २०२३ पासून ते सुरू आहेत आणि ऑगस्ट २०२८ मध्ये संपतील. तेव्हा माझी मुलगी अठरा वर्षांची असेल. तिच्या पाचवीच्या वह्यांचे, आठवीच्या चष्म्याचे पैसे तिला तेव्हा मिळून पूर्ण होतील. मधल्या काळात ते पैसे मी गटाकडून कर्ज काढून उभे केले, आणि त्याचे व्याज माझ्या मजुरीतून गेले. व्याज कुठल्याच आदेशात धरलेले नाही.

मला आपल्याकडे जे मागायचे आहे ते मी बरेच दिवस विचार करून ठरवले आहे.

उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मला अपील करता येते. त्यात मुदत ठरलेली आहे, जबाबदार अधिकारी ठरलेला आहे, आणि कसूर झाली तर त्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पोटगी कपातीच्या आदेशाची अंमलबजावणी याच कायद्याखाली अधिसूचित करा. आदेश आवक झाल्यानंतरच्या पहिल्या पगारबिलात कपात दिसलीच पाहिजे, आणि ती करण्याची जबाबदारी आहरण व संवितरण अधिकाऱ्याची, म्हणजे पगारबिलावर सही करणाऱ्याची, असे नाव घालून लिहा. न्यायालयाचा आदेश तसाही बंधनकारक असतो, मग वेगळी अधिसूचना कशाला, असे आपले अधिकारी म्हणतील. बंधनकारक तो माझ्याही वेळी होता. पण माझ्या फाईलवर जबाबदार म्हणून कुणाचेच नाव नव्हते.

दुसरे, जी थकबाकी कार्यालयाच्या विलंबाने झाली तिचा लेखी दाखला द्यायला लावा. आदेश कधी मिळाला, कपात कधी सुरू झाली, मधले महिने का गेले, हे एका पानावर. तो कागद न्यायालयापुढे असला तर आईला कुणाची चूक हे सिद्ध करत फिरावे लागणार नाही, आणि बापालाही जेवढे त्याचे तेवढेच भरावे लागेल. व्याज मात्र कार्यालयाने द्यावे. आणि या थकबाकीची मूळ रक्कम मुलांना सरकारने आधी द्यावी, मग पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घ्यावी. पगार देणारे तेच आणि कापणारेही तेच, त्यामुळे हे पैसे बुडण्याची भीती फार थोडी आहे.

हे अवघड आहे असे मला वाटत नाही, कारण मी २०२४ पाहिले आहे. लाडकी बहीण योजना जुलैपासून लागू झाली आणि राखीपौर्णिमेच्या आधीच दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यात पडायला सुरुवात झाली. आमच्या युनिटमध्ये त्या दिवशी मशिनी थांबवून बायका मोबाईलवरचे मेसेज एकमेकींना दाखवत होत्या. तुमच्याच खात्याने ते करून दाखवले. लाखो अर्ज, आधार, बँक, सगळे महिन्या-दीड महिन्यात. सरकारी नोकरांच्या पगारातली पोटगी तर त्या मानाने मूठभर प्रकरणांची आहे.

संरक्षण अधिकाऱ्यांविषयीही एक विनंती. त्यांच्याकडे नोटीस बजावण्याचेच काम राहू द्या, किंवा त्यासाठी हाताखाली माणूस द्या. नोकरदाराची नोटीस त्याच्या कार्यालयाच्या पत्त्यावर, कार्यालयप्रमुखामार्फत पाठवण्याची पद्धत घालून द्या. माझ्या प्रकरणात एवढेच झाले असते तर एक वर्ष वाचले असते.

माझ्या आदेशाची प्रत, बारनिशीचा शिक्का आणि चारही भेटींच्या तारखा मी आपल्या कार्यालयाला टपालाने वेगळ्या पाठवत आहे. त्यात त्या कार्यालयाचे नाव आहे. इथे ते मुद्दाम लिहिलेले नाही. मुलगी म्हणाली, ‘‘आई, पत्र पाठवशील तेव्हा पोचपावती घे.’’ ती मी घेणार आहे. उत्तर सोलापूरच्या पत्त्यावर यावे. घरी मी संध्याकाळी सात नंतर असते. पत्र दिवसा आले तर आई घरी असते, ती सही करून घेईल.

आपली नम्र,
दोन मुलांची आई, सोलापूर