कोरड्या खड्ड्यात पाणी दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सेप्टिक टँकसाठी जागा तपासायला तुम्ही आलात, तेव्हा मी तुमच्याशी जरा घुश्शातच बोललो होतो. आधी त्याची माफी मागतो, मग आभार.

जागा मी ठरवूनच टाकली होती. उताराच्या खालच्या टोकाला, म्हणजे पाइपला आयता ढाळ मिळतो. ठेकेदारही म्हणाला, खोल शोषखड्डा मारू, दगड भरू, विषय संपला. तुम्ही मात्र आधी छातीएवढा खड्डा खणायला लावलात आणि स्वतः त्यात उतरलात. भर उन्हाळा, खड्डा ठणठणीत कोरडा. "इथे पाणी आहेच कुठे?" असं मी दोनदा विचारलं. तुम्ही खड्ड्याच्या भिंतीतून एक ढेकूळ काढून माझ्या तळहातावर ठेवलंत. करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके. 70 सेंटिमीटरच्या खाली सगळीकडे तेच. माती आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिली की तिच्यातली हवा संपते, जिवाणूंमुळे लोह विरघळतं आणि माती करडी पडते. जिथे पुन्हा हवा पोचते तिथे त्याच लोहाचा गंज धरतो. "पावसाळ्यात पाणी इथवर चढतं," तुम्ही म्हणालात. खरं सांगतो, मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

माती किती वेगाने पाणी शोषते हे मोजणाऱ्या पाझर चाचणीनेही माझी बाजू घेतली नाही. आदल्या संध्याकाळीच तुम्ही चाचणीचे खड्डे पाण्याने भरून ठेवायला लावलेत, कारण कोरडी चिकणमाती आधी घटाघटा पाणी पिते आणि फुगली की पाणी घेईनाशी होते. दुसऱ्या दिवशी खालच्या जागेत 25 मिलिमीटर पाणी उतरायला दोन तास लागले. बांधाजवळच्या वाळूत ते दीड मिनिटात गेलं. मी खूश झालो, पण तुम्ही ती जागाही नाकारलीत: इतक्या घाईने जाणारं पाणी गाळलं जात नाही. वरच्या अंगाला पोयट्याच्या मातीत वीस मिनिटं लागली, तेव्हा कुठे तुमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

टाकीत गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर येतो, पण बाहेर पडणारं पाणी रोगजंतूंनी भरलेलंच असतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी समजत होतो, टाकी बांधली की काम झालं. खरी सफाई ते पाणी जिच्यातून झिरपतं ती कोरडी, हवा खेळती असलेली माती करते, आणि माझा खोल शोषखड्डा नेमका तोच थर ओलांडून मैल्याचं पाणी थेट भूजलात सोडणार होता. मैल्यातून तयार होणारं नायट्रेट तर मातीतही फारसं अडत नाही. म्हणून विहिरीपासूनचं अंतर आणि भूजल कुठल्या दिशेला वाहतं, दोन्ही पाहावं लागतं. नियमातले 15 किंवा 30 मीटर मोजले म्हणून फुटक्या खडकात सुटका होत नाही, हे तुमचं वाक्य मी अजून चारचौघांना ऐकवतो.

उताराखाली शेजाऱ्यांची विहीर आहे. त्यांच्या घरात तान्हं बाळ आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट वाढलं तर सगळ्यात आधी धोका अशाच बाळांना. तुम्ही त्या विहिरीचं नाव काढून मला एकदाही भीती घातली नाहीत, फक्त जागा बदलायला लावलीत. पाइप वळवावा लागला, खर्च वाढला. टाकीतलं पाणी मातीत मुरवायला वरच्या अंगाला उताराला आडवे, उथळ चर काढले.

जाताना तुम्ही खालच्या खड्ड्यात भोकं पाडलेला एक पाइप उभा करून ठेवायला सांगितलंत. पावसाने जोर धरल्यावर मी त्यात काठी सोडली. जमिनीपासून 68 सेंटिमीटरवर काठी ओली झाली. पाऊस डोक्यावर घेत मी तिथेच उभा राहिलो आणि तुमचं ते ढेकूळ आठवलं.

तेव्हापासून दर आठवड्याला काठीची मापं वहीत लिहितोय. पावसाळा संपला की ती वही तुमच्याकडे पाठवतो.

आपला ऋणी,
उताराच्या खालच्या टोकाचा हट्ट धरणारा घरमालक