खाडा पडू देऊ नकोस

चि. केदार,
अनेक आशीर्वाद.

उद्या पहाटे मी नाशिकला निघते. ताईचे दिवस भरत आलेत, जाणं टळत नाही, आणि इकडे सोमवारी आबांच्या कॅन्सरच्या गाठीवरचा पहिला शेक, म्हणजे रेडिएशन. काल रात्रीचं बोलणं तसंच अर्धवट टाकून जाववत नाही, म्हणून लिहितेय.

"७८ व्या वर्षी कशाला त्यांचे हाल?" असं तू विचारलंस. प्रश्न चुकीचा नव्हता, मी चिडायला नको होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची ३५ दिवस ने-आण करू नये, हे मीही म्हणेन. अशांना पहिल्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवशी ८-८ ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचं माप) देऊन दुखणं हलकं करता येतं. पण आबा अजून दोन जिने चढतात, वजन टिकून आहे, स्वतःचं सगळं स्वतः करतात. केमो वगळली ती विचार करूनच. शेकासोबतच्या केमोचा फायदा वयाबरोबर घटत जातो, सत्तरीपुढे जवळजवळ दिसत नाही. शिवाय आबांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड आधीच थकलेलं, आणि सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मूत्रपिंडालाही बाधतं, कानांनाही. म्हणजे सगळी मदार शेकावर. रोज २ ग्रे, आठवड्याचे ५ दिवस, ७ आठवडे, एकूण ७०. त्यात खाडा नको.

कारण नीट समजून घे. साधारण चौथ्या आठवड्यापासून गाठीतल्या उरलेल्या पेशी झपाट्याने वाढायला लागतात. उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता टक्का-दीड टक्क्याने उतरते. डेन्मार्कच्या २००३ मधल्या अभ्यासात तेवढाच डोस आठवड्याला ५ ऐवजी ६ दिवस दिला, आणि पाच वर्षांनी गाठ आटोक्यात असलेले ६० टक्क्यांचे ७० टक्के झाले. नुसतं वेळेत संपवण्याला इतकी किंमत आहे.

खाडा तोंडापासून सुरू होतो. पहिले दोन आठवडे काहीच वाटणार नाही, तू म्हणशील आई उगाच घाबरवते. तिसऱ्यात तोंड सोलवटेल, चव जाईल, लाळ चिकट होईल. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दिवसातून सहा-आठ वेळा गुळण्या. नाचणीची पेज, मऊ भात, वर तूप, ठेचा बंद. दुखणं सहन करू देऊ नकोस, ते करतील. मॉर्फिन लागलं तर घ्यायचं, सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. नाकातून नळी घालायची वेळ आली तर ती हार समजू नका, आणि नळी असली तरी रोज दोन-चार घोट तोंडानेच, नाहीतर गिळायचे स्नायू विसरतात.

वजन दर सोमवारी, त्याच काट्यावर. चेहरा उतरला की शेक घेताना डोकं-मान स्थिर धरणारा मास्क सैल होतो, मान आत हलते, आणि नवं सीटी, नवं प्लॅनिंग करावं लागतं. दोन किलो कमी झाले की त्याच दिवशी सांग.

आणि बीपी-शुगरच्या गोळ्या! जेवण निम्मं, गोळ्या पूर्ण, तर चक्कर येऊन बाथरूममध्ये पडायचे. डॉक्टरांना दर आठवड्याला डोस विचार. जेवताना खोकला आणि नंतर ताप आला तर घास फुप्फुसात गेला असेल. सकाळची वाट पाहू नकोस. गळ्याला ब्लेड, पावडर, हळदीचा लेप काही नाही, आत्याने कितीही सांगितलं तरी.

फार शिकवते आहे, माफ कर. आज दुपारी आबा रामरक्षा म्हणत होते, तोच आवाज ज्याने तुला पाढे पाठ करून घेतले. मी दाराआड उभी राहून ऐकली. तू त्यांच्यासाठी सुट्टी मागून घेतलीस, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

विसर्जन चौथ्या आठवड्यात येतंय. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता बंद, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच असते. पेठेतून गाडी निघणार नाही. आदल्या संध्याकाळी त्यांना कोथरूडला आत्याकडे ने. विभाग बंद असेल तर आत्ताच विचारून ठेव, तो दिवस शनिवारी भरून काढता येतो, किंवा एका दिवशी दोनदा, मध्ये किमान सहा तास सोडून. मशीन बिघडलं तरी हेच विचारायचं. "उद्या या" एवढ्यावर परत फिरू नकोस.

शेवटच्या दिवशी पेढे आणू नका. तोंड त्यानंतरही दोनेक आठवडे तसंच दुखेल, गुळण्या चालूच राहू देत.

फाइल निळ्या पिशवीत आहे. मास्क घालण्याआधी कवळी काढून डबीत, आणि डबी आबांच्या हातात दे, म्हणजे त्यांना घोर नको.

तुझी,
आई